चढावर नॉकिंग येतंय? डिस्ट्रिब्युटर फिरवायच्या आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी आहे, चार सिलिंडर, कार्बोरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग, त्यातले पॉइंट उघडले की स्पार्क पडतो), आणि वरच्या गिअरमध्ये चढ चढताना ॲक्सिलेटर दाबला की बॉनेटखालून कडकड आवाज, म्हणजे नॉकिंग, येतो. मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून टायमिंग (पिस्टन टॉपला पोचायच्या किती डिग्री आधी स्पार्क पडतो ते, डिग्री क्रँकच्या म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) मागे घेतलं, म्हणजे स्पार्क उशिरा केला, तर आवाज गेला, पण पिकअपही गेला, टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला आणि पेट्रोल जास्त जायला लागलं. परत पुढे घेतलं की आवाज हजर. आणि तुमचा प्रश्न असा की मग नेमकं किती डिग्रीवर ठेवू.

आकडा मी देणार नाही, कारण तो प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती दाबतो ते) किती, पेट्रोल कुठलं घालताय, डिस्ट्रिब्युटर मूळचाच आहे की मधे कधीतरी दुसऱ्या इंजिनाचा बसवलाय, या सगळ्यावर ते अवलंबून. आणि मला वाटतं तुमचा प्रॉब्लेम तो आकडा नाहीच. टायमिंग सेट केलं जातं आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू, साधारण ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे), थ्रॉटल (कार्बोरेटरमधली ॲक्सिलेटरने उघडणारी झडप) बंद असताना. आवाज येतो १८००-२००० ला, थ्रॉटल उघडा, इंजिनावर लोड. या दोन्हीच्या मधे डिस्ट्रिब्युटर आतल्या आत काय करतोय हे तुमच्या गाडीत कोणी बघितलेलंच दिसत नाही, फक्त सुरुवातीचा आकडा मागेपुढे करत बसलेत. म्हणून एकीकडे आवाज आणि दुसरीकडे गाडी मेलेली, अशा दोनच अवस्था तुम्हाला मिळतायत.

थोडं आतलं सांगतो म्हणजे पुढचं पटेल. सिलिंडरमधलं मिश्रण एका क्षणात जळत नाही, स्पार्कपासून ज्योत पसरत जाते आणि त्याला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. पिस्टन टॉपला जाऊन खाली यायला लागला की साधारण १५ डिग्रीच्या आसपास दाब सगळ्यात जास्त असेल तर इंजिनाला खरी ताकद मिळते. आता ८०० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक फिरतो जेमतेम पावणेपाच डिग्री, आणि ३००० ला फिरतो १८ डिग्री. म्हणजे आरपीएम वाढला की स्पार्क आधी द्यायलाच हवा. वेगाबरोबर आतली घुसळण वाढून जळणंही जलद होतं म्हणून बरं, नाहीतर अजून कितीतरी आधी द्यावा लागला असता. त्यामुळे जुन्या इंजिनांत आयडलला ५ ते १० डिग्री आधी आणि ३००० च्या पुढे सगळं मिळून ३० च्या आसपास, असा साधारण हिशोब असतो. हे वाढवायचं काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगा करतात.

नॉकिंग म्हणजे काय, तर ज्योत पोचायच्या आधीच शेवटच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपलं आपण एकदम पेटतं, आणि त्या दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतीवर आपटतात. म्हणजे त्या कोपऱ्यातलं मिश्रण जास्त तापवणारी, जास्त दाबणारी किंवा ज्योतीला उशीर करणारी कुठलीही गोष्ट नॉकिंग आणू शकते. टायमिंग हे त्यातलं एकच कारण. टायमिंग मागे घेतलं की कारण कुठलंही असो, आवाज बहुतेक वेळा थांबतोच, कारण दाबच कमी होतो. त्याच्यामुळे रोग सापडल्यासारखं वाटतं. पण जळण उशिरा होतं, गरम वायू सिलिंडरच्या भिंतींना आणि एक्झॉस्टला उष्णता देत बाहेर पडतात, आणि काटा वर चढतो. तुमचा काटा का सरकला त्याचं उत्तर हेच आहे. रेडिएटर बदलायला निघाला असाल तर जरा थांबा.

आता पहिली गोष्ट, हा आवाज नॉकिंगचाच आहे का हे पक्कं करा. नॉकिंगचा आवाज पातळ, धातूचा, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा, लोडवर येतो आणि ॲक्सिलेटर जरा सोडला की त्याच क्षणी बंद होतो. ही सगळ्यात चांगली खूण. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टकटक आयडललाही ऐकू येते, एकसारख्या तालात, आणि लोडशी तिचा फारसा संबंध नसतो. बिग एंड बेअरिंगचा (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या बेअरिंगचा) आवाज जड असतो, खालून येतो, आणि बहुतेकदा ॲक्सिलेटर दाबताना-सोडताना जास्त कळतो. त्या सिलिंडरचा स्पार्क बंद केला की तो दबतो, म्हणजे कुठल्या सिलिंडरचं बेअरिंग गेलंय तेही कळतं. थंड इंजिनाला ठकठक आणि गरम झाल्यावर कमी, तर पिस्टन स्लॅप (सैल पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटणं) किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकतंय. आणि गाडी बंद केल्यावर चावी काढूनही इंजिन थोडा वेळ धडधडत राहतं, ते वेगळं प्रकरण आहे, तिथे आतला एखादा तापलेला भाग स्पार्कचं काम करतो आणि बहुतेकदा आयडल जास्त ठेवलेला असतो. तुमच्या वर्णनावरून तुमचं नॉकिंगच वाटतंय, पण हे बेअरिंगचं एकदा बघाच, कारण तिथे चूक झाली तर क्रँकच जातो.

दुसरी गोष्ट, आवाज नक्की कधी येतो. मी गाडी हातात आली की पाने काढायच्या आधी चालवून बघतो, कारण अर्धं निदान तिथेच होतं. कमी आरपीएम, वरचा गिअर, पूर्ण थ्रॉटल आणि तेव्हाच आवाज, तर बेस टायमिंग (आयडलला सेट केलेलं) पुढे आहे किंवा वजनं लवकर उघडतायत, नाहीतर पेट्रोल, कार्बन, उष्णता यातलं काहीतरी. सपाट रस्त्यावर अर्ध्या थ्रॉटलवर आवाज येतो आणि पूर्ण दाबला की उलट थांबतो, तर व्हॅक्युम ॲडव्हान्स (हलक्या थ्रॉटलवर इंजिनाच्या व्हॅक्युमने स्पार्क अजून आधी देणारी सोय) जास्त आहे किंवा मिश्रण त्या जागी पातळ पडतंय. ज्या गाड्यांना ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट परत सिलिंडरमध्ये सोडणारा) आहे तिथे तो चोक झाला तरी असंच होतं. आणि तिसरा प्रकार, जास्त आरपीएमला, हायवेवर, सलग लोडवर. हा सगळ्यात वाईट, कारण बाकीच्या आवाजात तो ऐकूच येत नाही आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, हेड गॅस्केट जातं, पिस्टनला भोक पडतं. चढावर क्षणभर आलेली कडकड इंजिन बरीच वर्षं सहन करतं, हायवेवरची नाही.

एक रोगी मात्र नॉकिंगचं सोंग घेऊन येतो तो आधी बाजूला काढा. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये (वरच्या झाकणात) बारीक तडा किंवा कार्बनची रेघ असेल, किंवा प्लगच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर समांतर गेल्या असतील, तर एका सिलिंडरचा स्पार्क शेजारच्याला उडतो. १-३-४-२ फायरिंग ऑर्डर असेल तर ३ नंतर लगेच ४ आणि २ नंतर लगेच १, आणि हे शेजारी शेजारी आहेत, म्हणजे शेजारच्याला कितीतरी आधी स्पार्क मिळतो. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरी आणि कॅप बघा, निळसर उड्या दिसल्या तर बदलून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

आता डिस्ट्रिब्युटर. टायमिंगच्या आधी पॉइंटचा गॅप, हा क्रम उलटा करू नका. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, कमी केला की मागे. ड्वेल मीटरवर (पॉइंट किती डिग्री बंद राहतात ते दाखवणारं मीटर) एक डिग्रीचा फरक पडला तर क्रँकवर टायमिंग साधारण एक डिग्री सरकतं. बऱ्याच चार सिलिंडर गाड्यांत गॅप ०.४ मिमीच्या आसपास असतो पण तुमच्या मॅन्युअलचाच धरा. पॉइंट जुने असतील आणि त्यावर खड्डा आणि उंचवटा झाला असेल तर फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) खोटं बोलतं, कारण ते उंचवट्यावर टेकतं, अशा वेळी नवीन पॉइंट टाका किंवा ड्वेल मीटरने लावा. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते तसा गॅप कमी होत जातो, म्हणून कॅमला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. मग शाफ्ट पकडून आडवा हलवून बघा. बुश झिजली असेल तर शाफ्ट डुलतो, प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा मिळतो, आणि मग एकच सिलिंडर नॉक करतो, बाकीचे उशिरा जळतात, तुम्ही कितीही फिरवा, चारही सिलिंडरना एकदम पटेल अशी जागा सापडत नाही. इथे डिस्ट्रिब्युटर रिपेअर करणं किंवा बदलणं हाच उपाय.

इथेच एक सांगून टाकतो. बरेच जण पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवतात आणि टायमिंगचा विषय संपला समजतात. किट चांगलं असतं, गॅप लावायची कटकट जाते, पण खालची वजनं, स्प्रिंगा, बुश, व्हॅक्युमचा पडदा सगळं तेच जुनं राहतं.

यानंतर पुलीवरचा मार्क खरा आहे का ते तपासा, हे फार कमी लोक करतात. काही इंजिनांत पुलीचा बाहेरचा कडा आणि आतला भाग यांच्यामध्ये रबर असतं, जुनं झालं की कडा सरकतो आणि त्यावरचा मार्कही सरकतो. मग तुम्ही मॅन्युअलप्रमाणे अगदी बरोबर लावता आणि प्रत्यक्षात दहा डिग्री चूक असता. बॅटरीची तार काढा, सगळे प्लग काढा, एक नंबरच्या भोकात पिस्टन अडवायचा स्टॉप लावा, हाताने हळू फिरवत पिस्टन टेकेपर्यंत न्या आणि पॉइंटरसमोर पुलीवर खूण करा, मग उलट्या दिशेने टेकेपर्यंत न्या आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मधे खरा टॉप. त्याच वेळी कॅप काढून क्रँक मागेपुढे हलवा आणि रोटर (कॅपखाली शाफ्टवर फिरणारा भाग) हलायला लागेपर्यंत किती डिग्री रिकामी जातात ते बघा. सात-आठच्या वर जात असतील तर टायमिंग चेन ढिली आहे, आणि स्ट्रोब लाईटमध्ये (टायमिंग बघायच्या लुकलुकत्या दिव्यात) मार्क थरथरताना दिसतो तो बऱ्याचदा त्यामुळेच.

आता मुख्य काम. इंजिन पूर्ण गरम, व्हॅक्युमची नळी काढून कार्बोरेटरकडचं तोंड बंद, आयडल मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच. आयडल हजारच्या वर असेल तर वजनं उघडायला लागलेली असतात आणि तुम्ही वाचता तो आकडा बेस टायमिंगचा नसतोच. टायमिंग लाईट एक नंबरच्या वायरला लावा. बाह्या, ओढणी, वायरी सगळं लांब ठेवा आणि स्ट्रोबच्या उजेडात पंखा उभा असल्यासारखा दिसू शकतो हे डोक्यात ठेवा, त्यात हात घालून बोटं गेलेली माणसं आहेत.

बेस आकडा लिहून घ्या आणि इथे थांबू नका. कोणाला तरी ॲक्सिलेटर धरायला सांगा आणि १५००, २०००, २५००, ३००० ला मार्क कुठे जातो ते प्रत्येक वेळी लिहा. साधी लाईट असेल तर पुलीवर स्वतःच पट्टी आखता येते, पुलीचा व्यास १५० मिमी असेल तर परीघ साधारण ४७१ मिमी, म्हणजे एक डिग्रीला १.३ मिमी, आणि ३० डिग्रीची खूण टॉपच्या खुणेपासून ३९ मिमीवर येते. मार्क सावकाश सरकत जायला हवा, एका जागी येऊन थांबायला हवा आणि ॲक्सिलेटर सोडला की परत मूळ जागी यायला हवा. उडी मारत असेल, अडकत असेल, परत येत नसेल तर वजनं गंजलीयत किंवा स्प्रिंग गेलीय. माझ्याकडे तुमच्यासारखीच तक्रार असलेली एक गाडी आली होती, आयडलला मार्क अगदी बरोबर, पण १५०० लाच २८ डिग्री होऊन बसायचे जे खरं तर ३००० च्या जवळ यायला हवे होते. प्लेट उचलली तर दोनपैकी हलकी स्प्रिंग तुटून खाली पडलेली. स्प्रिंग बदलली, वजनांच्या खिळ्या साफ करून तेलाचा थेंब दिला, आणि बेस टायमिंग मॅन्युअलच्या आकड्यावर ठेवूनही चढावरचा आवाज गेला. तुमच्या गाडीत मला पहिला संशय इथेच आहे, किंवा मग दुसऱ्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर बसलाय, जो बाहेरून तसाच दिसतो पण त्याची ॲडव्हान्सची चाल वेगळी असते.

व्हॅक्युमचं थोडक्यात. हलक्या थ्रॉटलवर सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि विरळ असतं, ते हळू जळतं, म्हणून तिथे दहा-पंधरा डिग्री जास्तीचा ॲडव्हान्स दिला जातो. पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्युम पडतो आणि तो जातो. त्यामुळे पूर्ण दाबल्यावरच्या नॉकिंगला व्हॅक्युम सहसा जबाबदार नसतो, हां, प्लेट गंजून पुढेच अडकून राहिली असेल तर गोष्ट वेगळी. नळीतून हातपंपाने ओढून बघा, प्लेट सरकून तशीच धरून राहिली पाहिजे आणि सोडल्यावर परत आली पाहिजे. पडदा फाटला असेल तर नॉकिंग येत नाही, पेट्रोल मात्र जास्त जातं, आणि फाटक्या पडद्यातून हवा आत जाऊन आयडल बिघडतो. तुमचं पेट्रोल वाढलंय म्हणून हेही तपासाच.

एवढं सगळं बरोबर निघालं, आणि तरीही आवाज आहे, तर मग टायमिंगचा पिच्छा सोडा आणि उष्णता, मिश्रण, कार्बन, पेट्रोल या बाजूला वळा. प्लग काढून बघा. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा प्लग जास्त गरम रेंजचा आहे, पोर्सेलिनवर बारीक काळे किंवा चकचकीत ठिपके असतील तर नॉकिंग बराच काळ चालू आहे आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम उडायला लागलंय, त्या गाडीवर लोड टाकू नका. मिश्रण पातळ होण्याची कारणं म्हणजे मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा, फ्लोटची पातळी खाली, जेटमध्ये कचरा, पंप कमजोर. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ऑक्टेन (नॉकिंग न होऊ द्यायची पेट्रोलची ताकद) वाढतो हे खरं, पण पेट्रोलला एक भागाला हवा लागते सुमारे १४.७ भाग आणि इथेनॉलला फक्त ९, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी जेट लावलेला कार्बोरेटर तेच मिश्रण पातळ करून देतो. म्हणून नॉकिंग कमी व्हायला हवं होतं तिथे गाडी ओढत नाही, गरम होते, असं लोक सांगतात, तिथे जेट एक साईज वाढवून बघावा लागतो. कॉम्प्रेशन मॅन्युअलपेक्षा जास्त आलं तर आत कार्बन साचलाय. आणि व्हॉल्व्हच्या गाईडमधून तेल खाली येत असेल तर ते पेट्रोलचा ऑक्टेनच खाली ओढतं. एअर क्लीनरच्या तोंडाला उन्हाळा-हिवाळा अशी फ्लॅप असते बऱ्याच जुन्या गाड्यांत, ती हिवाळ्याच्या बाजूला अडकून एक्झॉस्टवरची गरम हवा आत घेत असते आणि कोणाचं लक्षच नसतं, ती पण बघा.

पेट्रोलबद्दल अजून एक. १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडने (पेट्रोलमध्ये मिसळायच्या शिशाच्या संयुगाने) नॉकिंग थांबतं हे सापडलं आणि पुढची कित्येक दशकं इंजिनं त्या पेट्रोलच्या हिशोबाने बनली. २०२१ मध्ये अल्जीरियात ते बंद झालं आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंवालं पेट्रोल जगात कुठेच राहिलं नाही. म्हणजे मॅन्युअलमधला आकडा त्या काळच्या इंधनासाठी आहे, तो सुरुवात म्हणून घ्या. आणि मॅन्युअल अमेरिकेतलं असेल तर तिथला पंपावरचा ८७ ऑक्टेन म्हणजे रॉन पद्धतीने (ऑक्टेन मोजायची दुसरी पद्धत) साधारण ९१, ही गल्लत खूप जण करतात.

शेवटचं सेटिंग मी नेहमी रस्त्यावरच करतो. इंजिन गरम, नेहमीचं पेट्रोल, वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने चढावर पूर्ण थ्रॉटल. आवाज नाही आला तर थोडं पुढे घ्यायचं, परत तोच चढ. क्षणभर हलकी कडकड ऐकू आली की तिथून दोन डिग्री मागे, आणि नट घट्ट. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो म्हणून त्याची बॉडी एक डिग्री फिरवली की क्रँकवर दोन डिग्री होतात, तेव्हा अगदी केसभर फिरवा. रोटर फिरतो त्याच्या उलट बॉडी फिरवली की टायमिंग पुढे, त्याच दिशेला फिरवली की मागे. यानंतर लाईट लावून ३००० चा एकूण आकडा परत बघा, तो मॅन्युअलच्या वर गेला असेल तर चढावर आवाज नसला तरी मागे घ्या, कारण हायवेवरचं नॉकिंग तुम्हाला ऐकू येणार नाही. गरम इंजिनाला सेल्फ मारताना उलटा झटका बसत असेल तरी तेच, बेस जास्त पुढे आहे.

आता तुम्ही एवढं करा, व्हॅक्युमची नळी काढून आयडल, १५००, २००० आणि ३००० चे आकडे लिहा, टॉपचा मार्क तपासा, चारही प्लगचे फोटो काढा आणि इथे टाका, गाडीचं मॉडेल, साल आणि डिस्ट्रिब्युटरवरचा नंबर पण लिहा म्हणजे चाल मूळची आहे का ते ताडून बघता येईल. तोपर्यंत टायमिंग आहे तसं थोडं मागेच राहू द्या, पण चढावर आधीच खालचा गिअर टाकत जा आणि लांबचा प्रवास टाळा, कारण मागे घेतलेल्या टायमिंगवर सलग हायवेला चालवली तर हेड तापतं.